बाई गेल्या कुठे?

पाचोरा स्टेशनात गाडीला वेळ असला की मी रेल्वे पोलिसांच्या फळ्यापुढे जाऊन उभा राहतो. सवयच लागली आहे. काचेमागे टाचण्यांनी लावलेले कागद असतात. प्रत्येकावर एक फोटो, आणि खाली ठरलेल्या साच्यातला मजकूर : अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४० ते ४५, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात निळ्या रेघांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, उजव्या मनगटावर 'आई' असे गोंदलेले. वर मथळा, 'ओळख पटविणेबाबत'. मुंबई-भुसावळ ही रात्रंदिवस धावणारी लाइन. रुळाच्या कडेला कुठला कोण माणूस सापडेल याचा नेम नाही. फोटोतले डोळे बहुधा मिटलेले असतात, कधी अर्धवट उघडे. माझ्या शेजारी कुणीतरी केळं सोलत उभा असतो आणि हमखास म्हणतो, "हा आपल्या भडगावकडचा वाटतो." कशावरून, ते त्याला सांगता येत नाही. पण त्याने पाहिलेलं असतं, नीट पाहिलेलं असतं.

आमच्या गावाला पाहायची फार हौस. 'कथा चालना, भाऊ?' हा इथला नमस्कार आहे. कुठे निघालात, एवढाच त्याचा अर्थ. पण उत्तर दिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही, आणि दिलेलं उत्तर वाया जात नाही. सकाळी जळगावला म्हणून गेलेला माणूस संध्याकाळी चाळीसगावच्या बाजूच्या गाडीतून उतरला, तर चहाच्या टपरीवर त्याची नोंद होते. हिवरा नदीच्या अलीकडे घडलेलं पलीकडे पोचायला मोबाइलची गरज पूर्वीही नव्हती.

संपादकांना वाटलं, अशा गावात एखादा हौशी गुप्तहेर नक्की सापडेल. छोटं गाव, एक खून, पोलिसांनी हात टेकलेले, आणि कुणी निवृत्त मास्तर नाहीतर कंपाउंडर चष्मा पुसत पुसत खुनी हुडकून काढतो. अशी खरी गोष्ट लिहून द्या म्हणाले. मी दोन-तीन जुन्या माणसांना विचारलं. एका वयोवृद्ध वकिलांनी वरण-बट्टीचा घास तसाच हातात धरून हसून घेतलं. म्हणाले, "असा माणूस असता, तर आम्ही त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला असता. आणि उलटतपासणीत त्याचा असा भुगा झाला असता, की पुन्हा त्याने घरातली मांजरसुद्धा शोधली नसती."

वकिलांचं खरं आहे. आणि तरीही पूर्ण खरं नाही. खून उघडकीला आणणारी साधी माणसं असतात. फक्त ती गोष्टीतल्या गुप्तहेरासारखी दिसत नाहीत.

*

गोष्टीतले गुप्तहेर आम्ही पोटभर वाचले. १९७०च्या दशकातलं पाचोरा. भाड्याने पुस्तकं देणारी दुकानं. एका दिवसाचे पैसे भरायचे आणि एका दिवसात चौघांनी मिळून पुस्तक संपवायचं. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे नाव आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचं टोपणनाव 'बाबूराव अर्नाळकर' म्हटलं की कान टवकारायचे. हजारावर रहस्यकथा लिहिणारा हा एकटा माणूस. त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड, धनंजय आणि छोटू. पुढे गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. पण खरा हौशी, म्हणजे ज्याचा हा धंदा नाही असा, तो एकच : भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे. किडकिडीत, सायकलवरचा, आमच्याच वयाचा. मुंबईचा धनंजय आपल्याला होता येणार नाही हे कळत होतं. फुरसुंगी मात्र पाचोऱ्यापेक्षाही लहान, तेव्हा फास्टर फेणे व्हायला काहीच हरकत नव्हती.

आम्ही झालोही. मी आणि माझा एक मित्र. गावात तीन दिवसांपासून एक परका माणूस दिसत होता. काखेत काळी बॅग, पायात धुळीने भरलेल्या चपला. भर दुपारी घरोघर जायचा, दारातच काहीतरी विचारायचा आणि वहीत टिपून घ्यायचा. एका दुपारी तो पीजेत बसला. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. छप्पन्न किलोमीटरची आमची छोटी गाडी. चालत्या गाडीतून उतरून शेतातलं बोर वेचावं आणि पुन्हा चढावं, अशी तिची ख्याती. २०२० साली ती थांबली. आम्ही बिनतिकीट मागच्या डब्यात शिरलो. वरखेडी गेलं. शेंदुर्णीला तो उतरला. एका घरात गेला, दुसऱ्या घरात गेला. आम्ही लिंबाच्या आडून पाहत होतो. तिसऱ्या घरातून बाहेर आला तो सरळ आमच्याकडेच.

"कोणाचे रे पोरं तुम्ही? पाचोऱ्यापासून पाहून राहिलो."

बॅग उघडून त्याने एक पुठ्ठ्याचं कार्ड आमच्यासमोर धरलं. त्यावर एका लहान लेकराचा फोटो होता. सगळ्या अंगावर, तोंडावर, तळपायापर्यंत टपोरे फोड. "असं कोणी पाहिलं का तुमच्या गल्लीत? ताप येऊन फोड आलेलं?" देवीच्या रोग्यांचा शोध घेणारा तो आरोग्य खात्याचा माणूस होता. १९७४-७५ची ही गोष्ट. देवीचा शेवटचा रोगी सापडेपर्यंत देशभर अशी माणसं घरोघर फिरत होती. खबर देणाऱ्याला रोख बक्षीस होतं. त्याने आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले आणि परतीच्या पीजेत बसवून दिलं.

आम्ही ज्याच्या मागावर होतो, तोच त्या गाडीतला एकमेव खरा शोधकर्ता होता, हे मला फार उशिरा उमगलं. त्याच्याकडे ना भिंग होतं, ना तर्कशक्तीचा दिमाख. एकच प्रश्न होता आणि तो प्रश्न तो प्रत्येक दारात तितक्याच शांतपणे विचारत होता. वरखेडीतही आणि शेंदुर्णीतही.

*

'मागावर असणं' हा आपल्याकडचा नुसता वाक्प्रचार नाही, ती एकेकाळची व्यवस्था होती. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचं काम सांगितलं आहे. चोरी झाली की त्याने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या जागल्याच्या हवाली केला, की पहिलं गाव मोकळं. पुढच्याने तो आपल्या शिवेपलीकडे न्यायचा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवेल, त्या गावाने भरपाई द्यायची. आमच्या खानदेशात ही जागल्याची कामं बहुतेक भिल्लांकडे होती. ज्यांना इंग्रजांनी लुटारू ठरवलं, त्यांच्याच नजरेवर गावांची राखण चालत होती. पुढे १८२५ मध्ये जेम्स औट्रमने त्याच भिल्लांची पलटण उभारली, ती इथून जवळच, धरणगावला.

या व्यवस्थेत मला आवडतं ते हे, की तिथे कुणी एकटा हुशार नव्हता. माग हातोहात जायचा. आणि तो शिवेवर टाकून देता येत नसे, कारण टाकला तर पैसे भरावे लागत.

माग कुठे हरवतो? खडकावर, पाण्यात, आणि मोठ्या शहरात. महाराष्ट्रातल्या एका फार गाजलेल्या खटल्यात खुन्याने नेमकं हेच ओळखलं होतं. त्या खटल्याचा निकाल आजही कायद्याची पोरं अभ्यासतात. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. सर्वोच्च न्यायालय, १४ डिसेंबर १९५९.

*

पुण्यात शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या विधवा बाई राहत. माहेरच्या इंदुमती पोंक्षे. १९२२ मध्ये लग्न होऊन कर्व्यांकडे आल्या. यजमान धंद्यात पैसा मिळवलेले, ते १९४५ साली वारले. दोन मुलांपैकी एक १९५४ मध्ये पोलिओने गेला. बाईंना स्वतःला क्षयाने पोखरलेलं, त्यात मधुमेह. घरात पैसा, शेअर, दागिने. आणि आजारी माणसाच्या घरी डॉक्टरांचा जसा राबता असतो, तसा डॉ. अनंत लागूंचा. राबता कसला, ते बाईंच्या वाड्यातच राहायला आले होते. यजमानांच्या आजारपणात तेच, मुलाच्या आजारपणात तेच. हळूहळू बाईंच्या पैशाअडक्याचे व्यवहारही त्यांच्याच हातून होऊ लागले.

१२ नोव्हेंबर १९५६च्या रात्री बाई डॉक्टरांबरोबर पॅसेंजरने मुंबईला निघाल्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं. पहाटे पाचच्या सुमाराला गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. टॅक्सीने त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेलं. सकाळी साडेअकराला त्या गेल्या.

इथवर हा एक दुर्दैवी मृत्यू आहे. कागदावरचं नाव वाचलं की पुढचं कळतं. रुग्णालयात डॉक्टरांनी बाईंचं नाव लक्ष्मीबाई कर्वे असं सांगितलंच नाही. इंदुमती पौंशे, असं सांगितलं. माहेरचं नाव, आणि त्यातही अक्षरं बदललेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून ते नाव दोन-तीनदा पुटपुटलो. पोंक्षे. पौंशे. उद्या कुणी बोट ठेवलंच, तर 'लिहिणाऱ्याने चुकीचं ऐकलं' म्हणायची सोय. आणि कर्व्यांच्या लक्ष्मीबाईंना शोधत कुणी आलंच, तर त्या दप्तरात त्या नाहीतच.

रुग्णालयाने पुण्याला डॉक्टरांच्या पत्त्यावर तार केली : इंदुमती वारली, प्रेत घेऊन जा. डॉक्टरांनी कळवलं, बाई माझ्या नात्यातल्या नव्हेत. त्यांचे भाऊ कलकत्त्याचे देशपांडे येऊन काय ते करतील. ते देशपांडे आले नाहीत. येणार कुठून? बाईंचं प्रेत बेवारस ठरलं. पुण्यात ज्यांचं घर होतं, मुलगा होता, आप्त होते, मैत्रिणी होत्या, त्या बाई जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात बेवारस पडून होत्या. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठी प्रेत ग्रँट मेडिकल कॉलेजात गेलं. तिथे कुणाच्या तरी नजरेला गळ्यावरचा वळ दिसला आणि प्रेत शवविच्छेदनासाठी परत आलं. २३ नोव्हेंबरला विच्छेदन झालं, मृत्यूनंतर दहा दिवसांनी. विष सापडलं नाही. मधुमेहाच्या मूर्च्छेने मृत्यू, अशी नोंद झाली आणि कागद मिटले.

त्या वळाचा पुढे खटल्यात काही उपयोग झाला नाही. गळा आवळलेला नव्हता. तरीही ते प्रेत हाताळणाऱ्या इतक्या माणसांत कुणीतरी एकाने मान नीट पाहिली. विच्छेदन झालं ते त्यामुळे.

इकडे पुण्यात बाईंच्या माणसांना पत्रं येऊ लागली. बाईंच्या नावाने. मी यात्रेला निघाले आहे. मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आहे. आम्ही जयपूरकडे राठोडी नावाच्या गावी असतो. आता परत यायची नाही.

या पत्रांचा कावा लक्षात घ्यायला हवा. १९५६चं पुणं. पांढरपेशा घरातली प्रौढ विधवा लग्न करून परमुलखात निघून गेली, ही बातमी ऐकून घरचे काय करतील? पोलिसांत जातील की दार लावून घेतील? पत्र रचणाऱ्याचा हिशेब उघड होता. नातेवाईक शोध घेणार नाहीत, लाजेने गप्प बसतील. खून लपवायला कुठल्याही विषापेक्षा अब्रूची भीती जास्त कामाची. गावोगावी किती बायकांची नावं 'ती निघून गेली' या तीन शब्दांखाली पुरली गेली असतील, याचा विचार केला की फळ्यावरच्या फोटोंत बायका कमी का दिसतात, हा प्रश्नही वेगळाच वाटू लागतो. कागद लागायला आधी कुणीतरी विचारायला तर हवं.

पण पुण्यातल्या या माणसांनी विचारलं. हे खरे हौशी शोधकर्ते. त्यांच्यात कुणी धनंजय नव्हता. ते इतकंच म्हणत होते, की आम्ही बाईंना ओळखतो आणि हे बाईंसारखं वाटत नाही. क्षयाने फुप्फुस गेलेली, रोज औषधावर असलेली बाई एकाएकी लग्न करून राजपुतान्यात संसार थाटेल? घरातल्या वस्तू हलताहेत, बँकेतून पैसे निघताहेत, कागदांवर सह्या येताहेत. बाई मात्र कुणाच्या दृष्टीस पडत नाहीत. पत्र येतं, माणूस येत नाही. ज्या गावाचा पत्ता दिला, ते गाव कुठे आहे? त्यांनी आपापल्या आठवणी एकमेकांपुढे मांडल्या, शंका ताडून पाहिल्या, अर्ज लिहिले, वरपर्यंत पाठवले. डॉक्टरांनी बाईंना मृत्यूनंतर जवळजवळ सोळा महिने कागदावर जिवंत ठेवलं होतं. मार्च १९५८ मध्ये त्यांना अटक झाली.

खटला सोपा नव्हता. विष सापडलेलं नाही. कोणतं विष, तेही ठाऊक नाही. देताना कुणी पाहिलं नाही. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींमध्ये एकमत झालं नाही. न्या. सरकार म्हणाले, हा मृत्यू नैसर्गिकही असू शकतो; संशयाचा फायदा द्यायला हवा. न्या. कपूर आणि न्या. हिदायतुल्ला यांनी मात्र अपील फेटाळलं. त्यांचं म्हणणं असं, की विष रासायनिक तपासणीत सापडलंच पाहिजे असा नियम केला, तर विष देणारा हुशार खुनी कधीच सापडणार नाही. सगळी परिस्थिती एकत्र पाहायची. खोटं नाव, न कळवलेला मृत्यू, नसलेला भाऊ, बनावट पत्रं, लांबवलेली मालमत्ता. निर्दोष डॉक्टर रोगी दगावल्यावर असं वागेल का?

मला वाचताना न्या. सरकारांचंही पटतं, हे कबूल करतो. फाशीची शिक्षा आणि विष मात्र अज्ञात, ही गोष्ट घशाखाली सहज उतरत नाही. पण डॉक्टरांना गोवणारा पुरावा प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. तो बाईंना ओळखणाऱ्या माणसांच्या रोजच्या आठवणींतून गोळा झाला होता. त्या कशा बोलत, काय करतील, काय कधीच करणार नाहीत.

शंभर वर्षं आधी इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरातल्या रूजली नावाच्या छोट्या गावात जवळजवळ असंच घडलं होतं. तिथलाही आरोपी डॉक्टरच, विल्यम पामर. त्याचा दोस्त जॉन कुक १८५५च्या नोव्हेंबरात तडफडून मेला. कुकचे सावत्र वडील आले आणि त्यांनी एक साधी गोष्ट विचारली : याची घोड्यांच्या पैजांची वही कुठे आहे? वही सापडेना, आणि पामर म्हणाला, तिचा आता काय उपयोग. तेवढ्यावर म्हाताऱ्याने शवविच्छेदनाचा हट्ट धरला. मारण्यासाठी वापरलं असं मानलं गेलेलं कुचल्याचं विष तिथेही प्रेतात सापडलं नाही, आणि १८५६च्या जूनमध्ये पामर फासावर गेला. वहीचं ध्यान घरच्या माणसालाच असतं.

*

आता दुसरी बाजू. ती लिहायचं मी टाळणार होतो, पण खानदेशाविषयी लिहिताना टाळता येत नाही.

रविवार, १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, तिथे आलेले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्या दिवसांत मोबाइलवर निरोप फिरत होते की मुलं पळवणारी टोळी आली आहे. बाजारातल्या लोकांना या पाचांचा संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाचही गेले.

राईनपाड्याच्या त्या जमावातल्या प्रत्येकाला त्या घटकेला आपण गुन्हा उघडकीला आणतो आहोत असंच वाटत असणार. परका माणूस, अनोळखी बोली, लहान मुलांशी बोलणं : पुरावे जमले, निकाल लागला. आमच्या पिढीने गोसाव्याच्या वेषातला हेर भाड्याच्या पुस्तकांत पन्नासदा वाचला होता. पीजेतल्या काळ्या बॅगवाल्याच्या मागे लागलेली आम्ही दोन पोरं अकरा-बारा वर्षांची होतो, आणि आमच्या हातात काही नव्हतं, म्हणून ती गोष्ट आज हसत सांगता येते.

पुण्याच्या माणसांची आणि राईनपाड्याच्या जमावाची, दोघांची चौकस नजर एकाच जातीची. फरक प्रश्नात होता. पुण्यात विचारत होते, आमच्या बाई गेल्या कुठे? राईनपाड्यात विचारलं, हा इथे आलाच कसा? पहिला प्रश्न विचारणाऱ्याला अर्ज लिहावे लागतात, खेटे घालावे लागतात, महिनोन् महिने वाट पाहावी लागते. दुसऱ्याला काहीच करावं लागत नाही, उत्तर आधीच खिशात असतं.

पाचोऱ्याच्या अलीकडे परधाडे-माहेजीच्या पट्ट्यात २२ जानेवारी २०२५ला पुष्पक एक्स्प्रेसमध्ये 'आग, आग' अशी आवई उठली. साखळी ओढली गेली, लोक खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. आग लागलेलीच नव्हती. गेलेल्यांतली काही तर नेपाळकडची. ती कोण, कुठली, कुणाला कळवायचं, हे काम त्या संध्याकाळी आमच्या भागातल्या माणसांनी आणि पोलिसांनी खिशातले कागद, वाजत राहिलेले मोबाइल, सोबत्यांच्या आठवणी यांवरून केलं. एका दिवसात एकाच गावाने ऐकीव गोष्टीचा घातही पाहिला आणि ओळख पटवण्याचा संथ उद्योगही.

*

कायद्यात हौशी गुप्तहेराला जागा नाही, पण शेजाऱ्याला आहे. अकस्मात मृत्यू झाला की पोलिसांनी त्या परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करायचा, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७४ होतं. १ जुलै २०२४पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १९४ झालं. खुनासारख्या गुन्ह्याची माहिती असेल तर ती जवळच्या पोलिसाला देणं हे कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी तक्रार आता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. जागल्याच्या शिवेवरचा वाद निदान कागदावर तरी मिटला. आणि खेड्यात १९६७च्या कायद्याने नेमलेला पोलीस पाटील आहेच. माझ्या ओळखीचे एक निवृत्त पोलीस पाटील म्हणतात, "आपलं काम काय, तर कोण दिसत नाही ते पाहायचं. जो दिसतो त्याला तर सगळेच पाहता."

मी एकदा पंच झालो आहे. प्रतिष्ठित म्हणून नव्हे. भाजी घेऊन पुलावरून चाललो होतो आणि हवालदाराने हाक मारली म्हणून. रुळापासून वीसेक पावलांवर, बाभळीखाली, एक माणूस पालथा पडलेला. हातात मेथीची जुडी तशीच, आणि मी चतुःसीमा ऐकतोय : पूर्वेस लोहमार्ग, पश्चिमेस शेताचा बांध, दक्षिणेस नाला. 'मयत इसमाच्या अंगावर' असं म्हणत हवालदार एकेक वस्तू सांगत होता आणि त्याचा सोबती लिहीत होता. खिशात दीडशे रुपये, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी. ना तिकीट, ना मोबाइल, ना कुठला कागद. मला वाटलं, संपलं. हा फळ्यावर जाणार.

हवालदार वयस्कर होता. त्याने शर्टाची कॉलर हलकेच उलटी केली. आत शिंप्याची पट्टी होती. धुऊन धुऊन अक्षरं गेलेली. 'टेलर्स' तेवढं दिसत होतं, आणि गावाच्या नावातलं शेवटचं 'गाव'. भडगाव, चाळीसगाव, जळगाव, मालेगाव. आमच्या बाजूला गावाची काय कमी? त्याने ती पट्टी बोटाने पुसली, उन्हाकडे तिरपी धरली आणि मला म्हणाला, "मास्तर, तुमचे डोळे चांगले. पाहा बरं."

मी मास्तर नव्हतो. पण पाहिलं. 'गाव'च्या आधी एक उभी रेघ होती, काना असावा किंवा 'ग'ची दांडी. पट्टीच्या शिवणीचा धागा मात्र लाल होता, शर्टाच्या कुठल्याच रंगाशी न जुळणारा. हवालदाराने 'लाल दोरा' असं लिहून घ्यायला सांगितलं. मी सही केली आणि मेथी घेऊन घरी आलो.

पुढचे काही आठवडे स्टेशनावर गेलो की तो कागद फळ्यावर असायचा. निळ्या रेघांचा शर्ट, मनगटावर आई. लाल दोऱ्याचा उल्लेख कागदावर नव्हता. हवालदार एकदा भेटला तेव्हा म्हणाला, तीन गावचे शिंपी झाले, दोन राहिले. सुटीच्या दिवशी जाऊन येतो. मग पावसाळा आला, मीही फारसा स्टेशनाकडे गेलो नाही.

पोळ्यानंतर गेलो तर तो कागद नव्हता. त्या जागी फळ्याचं कापड बाजूपेक्षा गडद दिसत होतं, आणि चार कोपऱ्यांना चार टाचण्या तशाच. खिडकीतल्या शिपायाला विचारलं. तो जेवत होता. म्हणाला, "त्याचा भाऊ येऊन गेला ना. नाव काय बरं... थांबा, वहीत आहे." आणि त्याने हात धुऊन वही काढली.